‘त्या तेवीसांत माझी मुलगी नाही कशावरून?’

वाढीचं हार्मोन सुचवलेल्या मुलांचे आईवडील माझ्याकडे येतात, तेव्हा उंची किती वाढेल हा त्यांचा पहिला प्रश्न क्वचितच असतो. पहिला प्रश्न असतो, ‘पुढं काही होणार नाही ना?’ हे ‘पुढं’ म्हणजे विशीत, तिशीत, पोरगी सासरी गेल्यावर, पोरगा नोकरीला लागल्यावर. मी सिंधुदुर्गात एका बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात समुपदेशक आहे. हार्मोनचे तज्ज्ञ इथून लांब, कोल्हापूरला, गोव्यात, नाहीतर पुण्या-मुंबईत. तिथं घाईत ऐकलेलं घाट उतरून घरी पोचेपर्यंत निम्मं विसरलं जातं आणि उरलेल्या निम्म्यात व्हॉट्सअ‍ॅप मिसळतं. मग ती फाइल घेऊन लोक आमच्याकडे येतात. त्यातल्याच एका कुटुंबाची ही हकीगत. नाव, गाव, ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

सायली साडेसहा वर्षांची. उंची ९९ सेंटीमीटर, वजन १३ किलो. वर्गात सगळ्यात पुढं बसते, एसटीच्या पायरीवर तिला उचलून ठेवावं लागतं. बाकी पोरगी चुणचुणीत. आईनं जन्माचं डिस्चार्ज कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणलं होतं. ३८ आठवडे पूर्ण, वजन १७०० ग्रॅम, लांबी ४३ सेंटीमीटर. गरोदरपणात आईचा रक्तदाब चढला होता, वारेतून बाळाला मिळायचं ते पुरेसं मिळालं नाही. म्हणजे सायली दिवस भरायच्या आधी झालेली नव्हती; दिवस भरूनही लहान राहिलेली होती. अशी दहातली नऊच्या आसपास मुलं दोन वर्षांची होईपर्यंत बरोबरीच्या मुलांना गाठतात. जी गाठत नाहीत, त्यांच्यापैकी बरीचशी मोठेपणीही बुटकी राहतात.

बाबांची उंची १६८, आईची १५४. दोघांची सरासरी काढून मुलीसाठी साडेसहा वजा केले, तर सायली साधारण १५४-१५५ पर्यंत जायला हवी. वाढीच्या तक्त्यावर तिचे ठिपके मात्र सगळ्यात खालच्या रेषेच्याही खाली, तिला समांतर चाललेले. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी थायरॉइड पाहिलं, गहू न सोसणारा सीलिअ‍ॅक आजार नाही ना ते पाहिलं, हाताच्या एक्स-रेवरून हाडाचं वय काढलं आणि गुणसूत्रांची तपासणी केली. बुटक्या मुलीत ही शेवटची तपासणी टाळायची नसते, कारण टर्नर सिंड्रोम, म्हणजे मुलींमधला गुणसूत्रांचा जन्मजात दोष, कधीकधी नुसत्या कमी उंचीतूनच दिसतो. सगळं ठीक निघालं. त्यांनी वाढीचं हार्मोन सुचवलं. दिवसाला किलोमागे ०.०३५ मिलिग्रॅम, म्हणजे सायलीला जेमतेम अर्धा मिलिग्रॅम, रोज रात्री झोपताना, पेनसारख्या यंत्रानं कातडीखाली. बरीच वर्षं.

आजी सोबत होत्या. त्यांनी बसल्या बसल्या विषयाला हात घातला. “माका येक सांगा बाय, ह्या रोजचा टोचणा कित्याक? पोर खेळता, नाचता, अभ्यासात पुढे आसा. आमच्या घरात कोण ताडामाडासारखो नाय, कोणाचा काय अडला?”

आजींचं बोलणं मी कधी हसण्यावारी नेत नाही. बुटकेपणा हा स्वतःहून आजार नाही, आणि उंचीसाठी उपचार घेतलाच पाहिजे असं कुणावर बंधन नाही. हे मी त्यांना तेव्हाच सांगितलं आणि सायलीच्या आईचा चेहरा जरा सैल झाला. तिला वाटत होतं, नको म्हटलं तर आपण आई म्हणून कमी पडलो असं होईल.

बाबांची आंब्याची बाग. मोजून-मापून बोलणारा माणूस. त्यांनी घडी घातलेला कागद टेबलावर उलगडला. डोंबिवलीच्या काकांनी पाठवलेली बातमी, छापून आणलेली. फ्रान्समध्ये हार्मोन घेतलेल्या मुलांत मृत्यू जास्त आढळले, असं त्यात होतं. दोन आकड्यांखाली लाल रेघ. प्रत्यक्ष मृत्यू ९३, अपेक्षित ७०.

“तेवीस जास्त,” ते म्हणाले. “मॅडम, त्या तेवीसांत माझी मुलगी नाही कशावरून?”

हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. ‘काही होत नाही हो’ म्हणून तो उडवला, की तो माणूस डॉक्टरांवरचा विश्वास कायमचा गमावतो आणि ते त्याचं बरोबरच असतं. आम्ही तो कागद नीट वाचायला घेतला.

बातमी खोटी नव्हती. हा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. १९८५ ते १९९६ या काळात फ्रान्समध्ये उपचार सुरू झालेली ६,९२८ माणसं त्यात होती, सरासरी सतरा वर्षं पाठपुरावा केलेली. जास्तीचे मृत्यू प्रामुख्यानं खूप मोठ्या डोसच्या गटात दिसले, किलोमागे दिवसाला ०.०५ मिलिग्रॅमच्या वर. मेंदूतल्या रक्तस्रावाचे आणि हाडांच्या गाठींचे मृत्यू अपेक्षेपेक्षा जास्त होते, पण मोजके. सगळे कर्करोग मिळून मृत्यू वाढलेले नव्हते. आणि त्या जवळपास सात हजारांत सायलीसारखी, म्हणजे जन्मतः लहान म्हणून उपचार घेतलेली मुलं साडेतीनशेच्या आसपासच. बाबांनी ते वाक्य दोनदा वाचलं.

ही गोष्ट पहिल्यांदा बाहेर आली तेव्हा, २०१० च्या अखेरीस, अमेरिका आणि युरोपच्या औषध नियामकांनी फेरतपासणी सुरू केली होती. २०११ मध्ये अमेरिकेनं पुरावा ठोस नाही म्हटलं, आणि ठरवून दिलेल्या कारणांसाठी, ठरवून दिलेल्या डोसमध्ये फायदा धोक्यापेक्षा जास्त आहे असं युरोपनं सांगितलं. त्याच सुमारास बेल्जियम, नेदरलँड्स आणि स्वीडनमधली माहिती आली. तिथं झालेल्या मृत्यूंत बहुतेक अपघात आणि आत्महत्या होत्या. कर्करोगानं किंवा हृदयविकारानं एकही नाही. मग आठ देशांची माहिती एकत्र आली, २०२० मध्ये. चोवीस हजारांहून अधिक माणसं. ज्यांना फक्त हार्मोनची कमतरता होती किंवा कारण न सापडलेला बुटकेपणा होता, त्यांच्यात मृत्युदर वाढलेला नव्हता. जन्मतः लहान असलेल्यांत मात्र तो सर्वसाधारण लोकसंख्येच्या साधारण दीडपट दिसला. ही वाढ मुख्यतः फ्रान्सच्या गटामुळे होती आणि डोस जास्त तितका मृत्युदर जास्त असा संबंध या वेळी सापडला नाही.

“पण दीडपट म्हणजे दीडपट,” बाबा म्हणाले.

बरोबर. पण कुणाच्या दीडपट? इथंच मी सगळ्यात जास्त वेळ थांबते, कारण सगळी भीती आणि सगळा दिलासा याच एका जागी अडकलेला असतो. तुलना केलेली आहे सर्वसाधारण लोकांशी, म्हणजे बहुतांशी तीन किलोचे जन्मलेल्यांशी. सतराशे ग्रॅमची जन्मलेली मुलगी इंजेक्शन न घेताही त्यांच्यासारखी नाही. मी त्यांना त्यांच्याच बागेतलं विचारलं. कातळावरचं कलम आणि खालच्या मातीतलं कलम, दोघांपैकी फक्त कातळावरच्याला खत घातलं आणि ते मागं पडलं, तर दोष खताचा की कातळाचा? ते लगेच म्हणाले, “कातळावरच्याच दोन झाडांची तुलना करायला पाहिजे.” मी म्हटलं, शास्त्रज्ञही तेच म्हणतायत.

जन्मवजन आणि पुढचं आरोग्य यांचा संबंध या औषधाच्या वादाहून जुना आहे. इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर यांनी १९८९ मध्ये हर्टफर्डशायरच्या जुन्या नोंदींवरून दाखवलं, की जन्मतः आणि पहिल्या वाढदिवसाला हलके असलेले पुरुष हृदयविकारानं जास्त मरत होते. त्यांना कुणी हार्मोन दिलेलं नव्हतं. आणि आपल्या घरचा दाखला तर आणखी जवळचा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांत आया आणि बाळांचा अभ्यास केला. बाळं हलकी, सरासरी २.७ किलोच्या आसपास, हातपाय काडीसारखे. पण चरबी मात्र राखून ठेवलेली, आणि नाळेच्या रक्तात इन्शुलिनही चढं. अशी शरीरं पुढं खाणंपिणं सुधारलं आणि वजन वाढलं, की मधुमेहाकडे लवकर झुकतात. सायलीची आजी मधुमेहाच्या गोळ्या घेते. म्हणजे सायलीला साखर आणि रक्तदाब सांभाळायचा आहे तो इंजेक्शन घेतलं तरी, आणि नाही घेतलं तरी.

स्वीडनमध्ये २०१६ मध्ये हेच, म्हणजे सारख्यांची सारख्यांशी तुलना, करून पाहिलं गेलं. अपेक्षित मृत्यू काढताना जन्मवजन, जन्माची लांबी, किती आठवड्यांना जन्म झाला, जन्मजात व्यंग होतं का, हे सगळं हिशेबात धरलं. मग उपचार घेतलेल्यांत मृत्यू जास्त दिसेनात.

एवढ्यावर थांबले असते तर बाबांना हायसं वाटलं असतं, पण ते अर्धं सांगणं झालं असतं. त्याच स्वीडनमधून २०२१ मध्ये दुसरा अभ्यास आला. हार्मोन घेतलेल्या साधारण ३,४०० जणांची पन्नास हजार इतरांशी तुलना. हृदय आणि रक्तवाहिन्यांचे आजार उपचार घेतलेल्यांत दीडपटीहून जास्त आढळले, जन्मवजन वगैरे जमेस धरूनही. हे आजार दोन्ही गटांत मुळातच कमी होते, त्या वयात ते असतातच कमी. आणि हा परिणाम औषधाचाच, असं संशोधकांनी म्हटलेलं नाही, कारण ज्या कारणानं मूल बुटकं राहिलं त्याचा वाटा किती हे पूर्ण वेगळं काढता येत नाही. पण हा आकडा आहे, आणि तो लपवून ठेवण्याचा मला अधिकार नाही. कृत्रिम पद्धतीनं, म्हणजे जिवाणूंकडून घडवून घेतलेलं हे हार्मोन १९८५ पासूनचं. जन्मतः लहान मुलांसाठी त्याला रीतसर मान्यता मिळाली अमेरिकेत २००१ ला, युरोपात २००३ ला. तेव्हाची मुलं आज तिशीच्या अलीकडेपलीकडे आहेत. ती साठीची झाल्यावर काय, याचं उत्तर आज कुणाकडेच असू शकत नाही. मी बाबांना हे असंच सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

आईनं मग हळूच विचारलं, “हे मेलेल्या माणसाच्या मेंदूतून काढतात म्हणे?” ही भीतीही हवेतून आलेली नाही. १९५८ पासून ते १९८५ च्या सुमारापर्यंत खरंच मृतांच्या मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीतून हे हार्मोन काढत. त्यातून काही मुलांना क्रॉइट्झफेल्ट-जेकब हा मेंदूचा जीवघेणा आजार झाला. कित्येकांत तो खूप वर्षांनी दिसला. ते कळल्यावर १९८५ मध्ये अमेरिका, ब्रिटनसारख्या देशांत ते हार्मोन बंद केलं गेलं. आजच्या पेनमधलं प्रयोगशाळेत बनतं, माणसाचा त्यात अंशही नसतो. मुलंबाळं होणार नाहीत, दाढीमिशा येतील, व्यायामवाल्यांचं स्टेरॉइड हेच, या बाकीच्या तीन गोष्टींत तथ्य नाही; तिथं मी फार वेळ घालवला नाही.

बाबांचा एक प्रश्न मला फार आवडला. “तिच्या अंगात हार्मोन कमी नाही, तर वरून का द्यायचं?” कारण अशा मुलांचं शरीर असलेल्या हार्मोनला पुरेसं दाद देत नाही, म्हणून थोडं जास्त द्यावं लागतं. आणि म्हणूनच लक्ष ठेवावं लागतं. हार्मोनमुळे रक्तात आयजीएफ-१ नावाचं द्रव्य वाढतं, पेशींना वाढायला सांगणारं. कर्करोगाची भीती त्याच्यापासूनच आहे. आतापर्यंतच्या मोठ्या नोंदींत, आधी गाठ किंवा तसा धोका नसलेल्या मुलांत नवे कर्करोग वाढलेले दिसलेले नाहीत. तरी आयजीएफ-१ वयाच्या मानानं फार वर जाऊ द्यायचं नाही, गेलं तर डोस कमी करायचा. ज्या मुलाला सध्या कर्करोग आहे, किंवा ब्लूम, फॅन्कोनी यांसारखे पेशींची दुरुस्ती बिघडवणारे जन्मजात आजार आहेत, त्याला हे हार्मोन द्यायचं नसतं. म्हणून मी घराण्याची चौकशी खोलात करते. कुणाला लहान वयात कर्करोग? मेंदूत रक्तस्राव? सायलीकडे दोन्ही बाजूंनी फक्त मधुमेह आणि रक्तदाब निघाला.

साखरेचं मी वेगळं समजावलं. उपचार चालू असताना इन्शुलिनचा प्रभाव कमी होतो, हे ठरलेलं आहे. नेदरलँड्सच्या संशोधकांनी अशाच जन्मतः लहान मुलांना उपचार थांबल्यावर पुढं कित्येक वर्षं तपासलं. इन्शुलिनचा प्रभाव परत सुधारला, आणि पाच वर्षांनी त्यांची तब्येत उपचार न घेतलेल्या तशाच बुटक्या तरुणांसारखी होती. बघा, इथं तुलना कातळावरच्या दोन झाडांची आहे. आजींना यातलं एवढंच पुरलं. “म्हणजे माझ्यासारखी गोळये खाणारी होवची नाय, इतक्या बघूक व्हया,” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, तेच बघायचंय आजी.

फायदाही फुगवून सांगायचा नाही. शेवटच्या उंचीत सरासरी चार-पाच ते सात-आठ सेंटीमीटरची भर, मुलामुलागणिक फार फरक. लवकर सुरू केलं, पाळी यायच्या बऱ्याच आधी, तर जास्त. पहिल्या वर्षात वाढीचा वेग नीट वाढला नाही, तर पुढं ओढत बसायचं नाही, थांबायचं. आणि खर्च. डोस वजनावर असतो, म्हणून पोर वाढते तसा खर्चही वाढतो. दरमहा हजारो रुपये, वर्षानुवर्षं. बागायतदाराचं एक वर्ष पावसानं मोहोर गळून जातं, दुसऱ्या वर्षी थ्रिप्सची कीड. मध्येच बंद करण्यापेक्षा सुरू करतानाच पुढच्या चार वर्षांचा हिशेब मांडा, असं मी स्पष्ट सांगते.

निर्णय त्यांनी लगेच घेतला नाही, मीही घाई केली नाही. चतुर्थीला चाकरमानी येऊन गेले, घरात काकांशी वाद झाला, मग दोघं नवराबायको पुन्हा आले. सुरू करायचं ठरलं होतं. मी विचारलं, कशावरून ठरवलं? आई म्हणाली, “तिच्यात जो धोका आहे तो आहेच ना. मग निदान कुणाचं तरी लक्ष तरी राहील.” हे कारण मला पटलं. मात्र त्यात एक मेख आहे आणि ती मी तेव्हाच बोलून दाखवली: औषध न घेणाऱ्या अशा मुलावरही तितकंच लक्ष राहायला हवं. गुहागरकडचं एक कुटुंब असंच आलं होतं. मुलगा जन्मतः लहान, उंची रेषेच्या थोडीच खाली, आईवडील दोघंही बुटके. त्यांनी नको म्हटलं. तोही निर्णय माझ्या मते योग्यच होता. दर सहा महिन्यांनी त्याची उंची, वजन, रक्तदाब आम्ही घेतो आणि त्याच्या आईला बिस्किटांचे पुडे कमी करायला सांगतो.

सायलीच्या घरी पहिला पेच वेगळाच आला. औषध २ ते ८ अंशांत ठेवायचं आणि आमच्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही. २०२१ च्या मेमध्ये तौक्ते वादळात गावंच्या गावं अंधारात होती, ते सगळ्यांच्या लक्षात आहे. त्यांनी रुंद तोंडाचा थर्मास घेतला, बर्फाच्या पिशव्या फडक्यात गुंडाळायच्या, पेन बर्फाला चिकटू द्यायचं नाही. गोठलेलं औषध परत वितळवून वापरायचं नाही, फेकायचं. टोचायची जागा रोज बदलायची, आज डावी मांडी, उद्या उजवी. नाहीतर तिथली चरबी झिजते. डोकेदुखी आणि उलट्या एकत्र, किंवा दिसायला धूसर; लंगडणं, खुबा किंवा गुडघा दुखणं; पाठ वाकडी दिसणं. यातलं काही झालं तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, इंजेक्शन थांबवून डॉक्टरांना फोन. कवटीतला दाब वाढणं आणि खुब्यातलं मांडीच्या हाडाचं टोक सरकणं हे विरळा होणारे, पण वेळेत पकडता येणारे त्रास आहेत.

पहिल्या वर्षात ती साडेआठ सेंटीमीटर वाढली, आधीच्या वर्षी साडेचार वाढली होती. मधल्या एका तपासणीत आयजीएफ-१ वरच्या टोकाला आलं, डॉक्टरांनी डोस थोडा उतरवला. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ५.३ टक्के. बाबा आता रिपोर्ट हातात घेतला की उंचीआधी हे दोन आकडे बघतात.

त्यांच्याकडून मी एक वही करून घेतली आहे. युरोपात एवढं कळू शकलं, कारण कुणाला काय, किती, केव्हापर्यंत दिलं याची नोंद तिथं जपली गेली होती. पहिल्या पानावर जन्माचं वजन, लांबी आणि आठवडे. मग औषधाचं नाव, डोस, कधी वाढवला, कधी उतरवला, सगळे रिपोर्ट. चौदा-पंधराव्या वर्षी हाडं जुळत आली आणि वाढ वर्षाला दोन सेंटीमीटरच्या खाली गेली, की औषध बंद होईल. वही बंद करायची नाही. ती सायलीची आहे, ती मोठी झाली की तिच्या हातात द्यायची. वर्षातून एकदा रक्तदाब आणि साखर, आणि दिवस गेले तर डॉक्टरीणबाईंना पहिल्याच भेटीत ते पहिलं पान दाखवायचं.